आपले शरीर आणि भट्टीचा धूर

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. अनेक सभासदांनी मागणी केल्यामुळे तो स्मरणिकेत देत आहोत.)



कार्यक्रम पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरोग्यविषयक व्याख्यान' असे छापलेले पाहून बऱ्याच जणांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी कराडच्या तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला माणूस. वीसहून अधिक वर्षे रेल्वेत डब्यांच्या देखभालीचे काम करतो. चाके, स्प्रिंगा, ब्रेक हा माझा विषय. पण रेल्वेत आम्हाला सेंट जॉन अँब्युलन्सचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळते. ते मी घेतले, पुढे त्याची गोडी लागली आणि गेली काही वर्षे मी आमच्या डेपोतील मुलांना ते शिकवतो. शिकवायचे म्हणजे आधी शरीर समजून घ्यावे लागते. तेवढ्या अधिकारावर आज बोलतो. औषध सांगणार नाही, ते डॉक्टरांचे काम. शरीरात काय कुठे आहे, ते कसे चालते आणि आपल्या धंद्यात ते कुठे बिघडते, एवढेच सांगणार आहे.

'आपल्या धंद्यात' असे मी मुद्दाम म्हणालो. आपल्या मंडळात दोन तऱ्हेची मंडळी आहेत. काही माझ्यासारखी, नोकरीसाठी दिल्लीला बदलून आलेली. आणि दुसरी, संख्येने मोठी, ती आपले गलाई बांधव. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडचे माण आणि खटाव, या दुष्काळी पट्ट्यातील माणसे सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन देशभर पोचली. ज्या गावात सराफ बाजार आहे, तिथे विट्याकडचे एक तरी घर सापडते. करोल बागेत बीडनपुरा, रेगरपुरा या गल्ल्यांतून तर आपली बोली रोज ऐकू येते. मी स्वतः खानापूर तालुक्यातला. माझे दोन मावसभाऊ याच कामात आहेत. म्हणून आजचा विषय मला घरचा वाटतो.

आपण ज्या भागात बसलो आहोत तिथेच, हाकेच्या अंतरावर, तिब्बिया कॉलेज आहे. हकीम अजमल खान यांनी ते उभे केले. १९१६ साली पायाभरणी झाली आणि १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. अजमल खान रोडवर आपण रोज भाजी घेतो, तो रस्ता त्यांच्याच नावाचा. आयुर्वेद आणि युनानी दोन्ही तिथे शिकवतात. शरीर आत कसे आहे हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुताने मृत शरीर वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग त्याचा एकेक थर कुंचल्याने खरवडून पाहण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. त्याने हाडे मोजली ती ३००. चरकाने मोजली ३६०. आजचे शास्त्र मोठ्या माणसाची हाडे २०६ सांगते. जुन्यांनी कूर्चा, दात हेही हाडांतच धरले, म्हणून आकडा मोठा आला. युरोपात व्हेसालियसचे शरीररचनेवरील मोठे पुस्तक १५४३ साली निघाले आणि रक्त शरीरात गोल फिरते हे विल्यम हार्वेने १६२८ साली मांडले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत आपले डॉ. भाऊ दाजी लाड होते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत एम.डी. झाल्या. म्हणजे या विषयात मराठी माणूस पाहुणा नाही.

आता शरीराकडे वळू.

मी डब्याच्या भाषेत सांगतो, कारण मला तीच नीट येते. डब्याला आधी सांगाडा लागतो. आपला सांगाडा २०६ हाडांचा. तान्ह्या बाळाची हाडे याहून जास्त, सुमारे ३०० असतात. वाढताना त्यांतली काही एकमेकांना जुळून जातात. हाड म्हणजे सुकलेले लाकूड नव्हे. हाड जिवंत असते, आतल्या मगजात रक्ताच्या पेशी तयार होतात आणि शरीराचे कॅल्शियम त्यात साठते. हे कॅल्शियमचे कोठार लक्षात ठेवा, शिशाबद्दल बोलताना त्याची गरज पडेल.

सांगाड्यावर स्नायू. ते हाडांना ओढतात, ढकलत नाहीत. म्हणून हात वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा, अशी जोडी असते. सगळ्यात मोठा अवयव कोणता, असे मी मुलांना विचारतो. कोणी यकृत म्हणते, कोणी आतडे. उत्तर आहे कातडी. बाहेरचे जंतू, पाणी, ऊन यांपासून सांभाळणारी ही आपली भिंत.

मग इंधन. तोंडापासून जठर, सुमारे ६ मीटर लांब लहान आतडे, मग दीड मीटर मोठे आतडे. जेवणातला खरा माल लहान आतड्यात रक्तात शिरतो. तिथून तो आधी यकृताकडे जातो. यकृत सुमारे दीड किलोचे. आलेला माल तपासणे, साठवणे, विषारी असेल ते निकामी करणे, असे शेकडो कारभार ते एकटे पाहते. त्याचा काही भाग काढला तरी ते पुन्हा वाढते. असे दुसरे इंद्रिय शरीरात नाही.

मग पंप, म्हणजे हृदय. मुठीएवढे. मिनिटाला सत्तरेक ठोके, म्हणजे दिवसाला एक लाख. एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. शरीरात एकूण रक्त तेवढेच असते. म्हणजे साधारण एका मिनिटात सगळे रक्त एक फेरी पुरी करते. दाबाचे गणित माझ्या मुलांना आवडते. डॉक्टर १२० म्हणतात तो रक्तदाब आमच्या मापात चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१६ किलो होतो. आमच्या ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब असतो. म्हणजे त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढ्या दाबावर हे सगळे चालते.

मूत्रपिंडे दोन, पाठीच्या बाजूला. प्रत्येकात सुमारे १० लाख बारीक गाळण्या. दिवसभरात मिळून ती १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात. लघवीवाटे जाते ते फक्त दीड-दोन लिटर. गलाईवाल्याला हे सांगायला नको. गाळणे म्हणजे काय, आणि गाळताना सोने वाया जाऊ द्यायचे नाही म्हणजे काय, हे त्याच्याहून चांगले कोणाला कळणार?

मेंदू सुमारे १.४ किलोचा. वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण प्राणवायू खातो पाचवा हिस्सा. रक्ताचा पुरवठा पूर्ण थांबला तर चार-पाच मिनिटांत त्याच्या पेशी मरू लागतात. मेंदूचे निरोप मज्जातंतूंतून जातात. त्यांतले सर्वांत वेगवान तंतू सेकंदाला १२० मीटर वेगाने निरोप नेतात, म्हणजे ताशी चारशे किलोमीटरच्या वर. आपल्या देशातली कोणतीही गाडी एवढी धावत नाही.

याशिवाय ग्रंथी आहेत, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आहेत, प्रजननाची इंद्रिये आहेत. सगळे एका संध्याकाळी होणार नाही. एक फरक मात्र सांगतो. डबा ठराविक काळाने कारखान्यात जातो, गाडीतून बाहेर काढून, सुटा करून, तपासून पुन्हा जोडतात. शरीराची गाडी थांबवून दुरुस्ती करता येत नाही. चालता चालताच तिची देखभाल करावी लागते.

आता मुख्य मुद्दा, फुप्फुसे.

उजव्या फुप्फुसाला तीन खण, डाव्याला दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. श्वासनलिका छातीत दोन फाट्यांत विभागते, त्यांना पुन्हा फाटे, पुन्हा फाटे, असे वीसहून अधिक वेळा होते. शेवटी द्राक्षाच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे येतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची संख्या ३० कोटींच्या पुढे. हे सगळे फुगे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा भरेल. करोल बागेत एवढ्या जागेचे भाडे किती, हे तुम्ही जाणताच. तेवढी जागा देवाने प्रत्येकाच्या छातीत फुकट दिली आहे.

या फुग्यांची भिंत किती पातळ? हवा आणि रक्त यांच्या मध्ये एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी जाडीचा पडदा असतो. एवढा पातळ असतो म्हणूनच प्राणवायू पलीकडे जातो आणि कार्बन डायऑक्साइड अलीकडे येतो. शांत बसलो तरी आपण दिवसाला दहा हजार लिटरच्या वर हवा आत घेतो. भट्टीपुढे भाता किंवा ब्लोअर चालवणारा माणूस याहून जास्त घेतो. त्या हवेत जे असेल ते थेट या पडद्यावर जाऊन आदळते.

शरीराने बंदोबस्त केलेला आहे. नाकात केस आहेत, नळ्यांत चिकट द्राव आहे, तो वर ढकलणारे सूक्ष्म केस आहेत आणि सगळ्यात मोठा पहारेकरी म्हणजे खोकला. अमोनियाची बाटली उघडली तर काय होते? डोळ्यांतून पाणी, ठसका, आपण पळतो. कारण हा वायू पाण्यात पटकन विरघळतो. नाक-घशाच्या ओलाव्यातच तो अडकतो आणि तिथेच आग होते. ही आग म्हणजे शरीराचा लाल सिग्नल.

आता सोने शुद्ध करताना काय होते ते पाहू. सोन्यात चांदी मिसळून सोन्याचा हिस्सा साधारण चौथ्यावर आणायचा, मग नायट्रिकच्या तेजाबात ते शिजवायचे. चांदी-तांबे विरघळते, सोने खाली राहते. हे करताना जो तांबूस-तपकिरी धूर उठतो, तो प्रामुख्याने नायट्रोजन डायऑक्साइडचा. हा हवेपेक्षा जड आहे, म्हणून बंद खोलीत खाली, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर रेंगाळतो. आणि याचा सगळ्यात वाईट गुण असा की तो पाण्यात सावकाश विरघळतो. म्हणून नाक-घशात फारसा अडकत नाही. थोडा ठसका, थोडी चुरचुर, एवढेच होते. बाकीचा तसाच खाली, त्या पातळ फुग्यांपर्यंत पोचतो आणि तिथल्या ओलाव्यात त्याचे पुन्हा तेजाब होते.

माझ्या खात्यात एक तत्त्व आहे. गाडीचा ब्रेक असा बांधतात की बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे. गाडी मधून तुटली, होज पाइप निसटला, की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतो. सिग्नलची यंत्रणाही बिघडली तर लाल दाखवते. शरीरही बऱ्याच ठिकाणी असेच वागते. पण या तपकिरी धुराच्या बाबतीत सिग्नल हिरवा राहतो आणि गाडी पुढे धोक्यात जाते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातला विशीतला एक मुलगा एका कारखान्यात कामाला होता. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, असे कोठेही घडू शकते. दुपारी पंखा बंद होता आणि तेजाबाचे भांडे उतू गेले. पोरगा धुरात दहा मिनिटे होता. बाहेर आला, खोकला, पाणी प्याला, अर्ध्या तासाने हसत चहा घेतला. सगळे म्हणाले, काही झाले नाही. रात्री जेवून झोपला. पहाटे तीनला दम लागला, ओठ निळे, तोंडातून फेस. शेजारच्या खोलीतल्या माणसाने रिक्षात घालून दवाखान्यात नेले म्हणून वाचला. आठवडाभर प्राणवायूवर होता. आज तो गावी आहे. जिवंत आहे, पण विहिरीच्या पायऱ्या एका दमात चढत नाही.

डॉक्टरी पुस्तकांत हे स्पष्ट लिहिले आहे. हा वायू श्वासात गेल्यावर मधले काही तास माणसाला बरे वाटते. मग तीन तासांपासून दीड दिवसापर्यंत केव्हाही फुप्फुसात पाणी भरू शकते. वायुकोशांचा पडदा आतून भाजलेला असतो, रक्तातले पाणी त्यातून हवेच्या जागेत झिरपते आणि कोरड्या जमिनीवर माणूस बुडू लागतो. काही जण यातून बरे होतात आणि दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा दम लागतो, कारण बारीक नळ्या आतून बुजू लागतात. म्हणून या धुरात सापडलेला माणूस 'बरा दिसतो' हे कारण पुरेसे नाही. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, रात्री एकटे झोपू देऊ नये आणि धावपळ करू देऊ नये.

आणि मंडळी, डॉक्टरांना खरे सांगावे. हे मी हात जोडून सांगतो. आपली माणसे मालकाला त्रास होईल, पोलीस येतील, जागा खाली करावी लागेल, या भीतीने 'बाहेरचे खाल्ले' किंवा 'थंडी बाधली' असे सांगतात. मग डॉक्टर त्या मार्गाने जातात आणि वेळ जातो. "तेजाबाचा तपकिरी धूर छातीत गेला आहे, अमुक वाजता, एवढी मिनिटे," ही एक ओळ सांगितली तर अर्धे निदान झाले. आपल्या जवळ गंगाराम आहे, राम मनोहर लोहिया आहे, लेडी हार्डिंग आहे. एम्समध्ये विषबाधेबद्दल डॉक्टरांना सल्ला देणारे राष्ट्रीय केंद्र चोवीस तास चालते. पण काय झाले हेच कळले नाही, तर या सगळ्यांचा उपयोग काय?

दुसरा शत्रू याहून गुपचूप. त्याला रंग नाही, वास नाही, ठसका नाही. कार्बन मोनॉक्साइड. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की तो तयार होतो. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहते. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डब्यातली सगळी आसने भलत्याच माणसांनी धरून ठेवावीत आणि खरे प्रवासी फलाटावर राहावेत, तसे होते. रक्त फिरते, हृदय चालते, पण प्राणवायू पोचत नाही.

दिल्लीच्या थंडीत खोलीचे दार-खिडक्या बंद करून अंगीठी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. अशा बातम्या आपण जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात वाचतो. आपली मुले तर जिथे भट्टी तिथेच झोपतात. भट्टीतले निखारे रात्री विझत आलेले असतात, तेव्हाच हा वायू जास्त सुटतो. खूण एकच लक्षात ठेवा. एका खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखते, मळमळते, गुंगी येते आणि बाहेरच्या हवेत गेले की बरे वाटते. असे झाले तर ते पित्त नाही आणि थंडीही नाही. सगळ्यांना बाहेर काढा, दारे उघडा, दवाखाना गाठा.

इथे एक सावधगिरी. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, आपण घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. ते यंत्र या विषबाधेत फसवते. ते रक्ताचा रंग पाहून आकडा सांगते आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्तही त्याला चांगले लाल दिसते. माणूस बेशुद्ध पडत असतानाही ते ९८ दाखवू शकते. तेव्हा आकड्यावर विसंबून घरी बसू नये.

तिसरे, धातूंचे विष. हे एका दिवसात मारत नाही, वर्षानुवर्षे साठते.

चांदी शुद्ध करताना शिसे घालतात. शिसे ३२७ अंशांवर वितळते, चांदीला ९६२ अंश लागतात. एवढ्या उष्णतेत शिशाची वाफ आणि राख उडते, भट्टीच्या तळाशी मुर्दाडशिंग साचते. ती राख हातावर, कपड्यांवर, चहाच्या कपावर बसते. पोटात गेलेल्या शिशाला शरीर कॅल्शियम समजते आणि नेऊन हाडाच्या कोठारात ठेवते. तिथे ते दहा-वीस वर्षे राहते आणि थोडे थोडे रक्तात उतरत राहते. तांबड्या पेशी बनण्याचे काम ते बिघडवते, म्हणून माणूस पांढरा पडतो. पोटात मुरडा येतो, बद्धकोष्ठ होते, चिडचिड वाढते, मनगटातली ताकद जाते. लहान मुलांचे शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा घाव बसतो. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून भगिनींना विनंती. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. घरी आल्या आल्या आंघोळ झाल्याशिवाय त्यांना बाळ उचलू देऊ नका. घरात राग आला तर माझे नाव सांगा.

आणि कॅडमियम. बाजारात ज्याला केडीएम म्हणत, त्या दागिन्यांच्या झाळणात कॅडमियम असे. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तरी जुने दागिने मोडीत येतच राहतात. सोने वितळायला १०६४ अंश लागतात आणि कॅडमियम ७६७ अंशांवर उकळून उडून जाते. म्हणजे मुशीत सोने पाणी होण्याआधीच कॅडमियमचा धूर तुमच्या नाकाशी आलेला असतो. त्यानेही काही तासांनी ताप, अंगदुखी, छातीत दाटणे सुरू होते. लोक त्याला फ्लू समजतात. थोडे थोडे रोज गेले तर ते मूत्रपिंडात साठते आणि त्या बारीक गाळण्या निकामी करते. जगभर गाळण्याचे काम करणाऱ्यांचीच गाळणी बिघडावी, हे बरे नव्हे.

आता करायचे काय? धंदा सोडा, असे मी सांगणार नाही. दुष्काळी माळावरच्या घरांना या धंद्याने पक्क्या भिंती दिल्या, मुलांना इंजिनिअर केले. धंदा करा, पण पुढील गोष्टी पाळा.

एक, तेजाबाचे काम उघड्यावर भांडे ठेवून करू नका. वर हूड, त्याला ओढणारा पंखा आणि धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून धुऊन वर सोडणारी व्यवस्था हवी. नुसता धूर गल्लीत सोडला तर तो शेजाऱ्याच्या छातीत जातो. पंखा बंद म्हणजे काम बंद, हा नियम करा. ब्रेकची चाचणी झाल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही, तसेच हे.

दोन, तोंडाला रुमाल बांधल्याने वायू अडत नाही. करोनातला एन-९५ मास्कही धूळ अडवतो, हा वायू नाही. त्यासाठी आम्लाच्या वायूंचा डबा असलेला मास्क लागतो आणि तो डबा वेळेवर बदलावा लागतो.

तीन, पाण्यात तेजाब ओतावे, तेजाबात पाणी कधीही ओतू नये. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरावे. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नये.

चार, भट्टीच्या खोलीत झोपू नये, जेवू नये. जागा नसेल तर निखारे पूर्ण विझवून बाहेर ठेवावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. थंडी वाजली तर घोंगडी मंडळाकडे मागा, आम्ही देऊ.

पाच, धुरात कोणी पडलेला दिसला तर तसेच आत धावू नका. आधी दारे उघडा, मग श्वास रोखून त्याला ओढून बाहेर काढा, नाहीतर एकाचे दोन होतात. श्वास आणि हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला ११२ किंवा १०२ ला फोन करायला सांगा. हे ऐकून येत नाही, करून येते. विसर्जनानंतरच्या दोन रविवारी मी पुतळा घेऊन इथे येईन, ज्यांना शिकायचे त्यांनी यावे.

सहा, वर्षातून एकदा रक्तातील शिसे, मूत्रपिंडाची तपासणी आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी करून घ्यावी. मंडळ दरवर्षी रक्तदान शिबिर घेते, ते चांगलेच आहे. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की यंदा त्याच दिवशी या तीन तपासण्याही ठेवाव्यात. वर्गणीतून थोडी रोषणाई कमी केली तरी बाप्पा रागावणार नाहीत.

शेवटी एवढेच. रोजच्या कामात प्रत्येक ग्रॅम सोन्याचा हिशोब ठेवणारी ही माणसे आहेत. झाडलोटीच्या मातीतूनही आपण कण शोधून काढतो. छातीतल्या त्या साडेसातशे चौरस फुटांचा हिशोबही तेवढ्याच काटेकोरपणे ठेवावा, कारण ती जागा पुन्हा विकत मिळत नाही. गावाकडे आई-वडील वाट पाहतात ती मनीऑर्डरची नाही, पोराची. त्याने दिवाळीला आपल्या पायांनी घराची पायरी चढावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

 प्रश्न असतील तर प्रसाद घेऊन झाल्यावर मी इथेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!